अलास्का क्रूझवर अख्खं कुटुंब न्यायचंय? व्हिसापासून गुडघ्यांपर्यंत, बुकिंगआधी हे समजून घ्या

आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. एक मुलगा न्यू जर्सीत, मुलगी पुण्यात, धाकटा बंगळुरूत. सगळ्यांनी एकत्र कुठेतरी जायचं ठरतं आणि कुणीतरी ग्रुपवर हिमनदीसमोर उभ्या असलेल्या जहाजाचा फोटो टाकतं. पुढच्या दोन दिवसांत हार्ट इमोजींचा पाऊस पडतो. तिसऱ्या दिवसापासून प्रश्न सुरू होतात. थंडी झेपेल का? आजी काय खाईल? आत्याला वेगळी खोली घ्यायची का? आणि कॅनडाचा व्हिसा कशाला लागतो?

अलास्का क्रूझ ही मोठ्या कुटुंबासाठी खरंच सोयीची सहल आहे. सामान एकदाच उघडायचं, रोज हॉटेल बदलायचं नाही, ज्यांना चालवत नाही त्यांनाही खोलीतून डोंगर आणि बर्फ दिसतो. पण दहा-पंधरा जणांची ही सहल जमणार की फसणार, हे बहुतेक वेळा जहाजात पाऊल ठेवण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. म्हणूनच नियोजनाची सुरुवात ग्रुपमधल्या सगळ्यात उत्साही माणसापासून न करता, ज्याची कागदपत्रं सगळ्यात किचकट आहेत, ज्याचे गुडघे दुखतात आणि जे मूल सगळ्यात लहान आहे, त्यांच्यापासून करावी लागते.

अलास्का क्रूझ म्हणजे नेमकं काय?

बहुतेक जहाजं अमेरिकेतल्या सिॲटलहून किंवा कॅनडातल्या व्हँकुव्हरहून निघतात. साधारण सात रात्रींचा प्रवास असतो. केचिकन, ज्यूनो आणि स्कॅगवे ही नेहमीची बंदरं. याशिवाय एक दिवस ग्लेशियर बे किंवा हबर्ड ग्लेशियरसारख्या ठिकाणी जहाज हिमनदीच्या जवळ नेलं जातं.

हंगाम साधारण एप्रिलच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. बाकीचे महिने मोठी क्रूझ जहाजं इथे फिरकत नाहीत.

ज्यूनो ही अलास्काची राजधानी, पण बाहेरून तिथे जाणारा रस्ताच नाही. एकतर विमानाने जा, नाहीतर बोटीने. स्कॅगवे हे १८९० च्या दशकात क्लोंडाइकच्या सोन्यामागे धावणाऱ्यांमुळे वाढलेलं गाव. ग्लेशियर बेमध्ये अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वी सगळा बर्फच होता. ती हिमनदी तेव्हापासून सुमारे १०० किलोमीटर मागे सरकली आणि तिच्या जागी खाडी तयार झाली. या नॅशनल पार्कमध्ये दिवसाला फक्त दोन मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो. त्यामुळे ग्लेशियर बे बघायचंच असेल, तर बुकिंग करताना मार्गात ते नाव आहे ना, हे तपासा. प्रत्येक अलास्का क्रूझ तिथे जात नाही.

कधी जायचं? शाळांचं गणित आधी सोडवा

महाराष्ट्रातल्या मुलांना सुट्टी असते ती मे महिन्याची. राज्य मंडळाच्या शाळा साधारण जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात त्यानंतर थोड्या दिवसांनी. अमेरिकेत मात्र राज्याराज्यांत फरक आहे. टेक्सास किंवा जॉर्जियातल्या शाळा मेच्या शेवटी सुटतात, तर न्यू जर्सी-न्यूयॉर्ककडच्या थेट जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात.

म्हणजे पुण्याची आणि डॅलसची भावंडं असतील, तर जूनचे पहिले दोन आठवडे दोघांनाही जमतात. पुणे आणि न्यू जर्सी असेल, तर दोन्हीकडे एकाच वेळी सुट्टी असलेला आठवडा मिळणं अवघड. कुणाच्या तरी मुलांची शाळा बुडणार, हे आधीच मान्य करून ती कुणाची बुडणार हे ठरवणं सोपं.

हवामानाच्या दृष्टीने मे आणि जून तुलनेने कोरडे. ऑगस्टपासून पाऊस वाढत जातो. केचिकनमध्ये वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे मुंबईच्या जवळपास दीडपट. त्यामुळे महिना कुठलाही असो, रेनकोट हवाच.

जहाज अमेरिकेचं, मग कॅनडाचा व्हिसा कशाला?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो.

अमेरिकेत १८८६ चा एक कायदा आहे. परदेशात नोंदणी झालेल्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी घेऊन, मध्ये कुठलंही परदेशी बंदर न घेता, फक्त अमेरिकेतल्याच बंदरांत फिरवून आणता येत नाही. मोठी क्रूझ जहाजं बहुतेक बहामास, पनामा, बर्म्युडा अशा ठिकाणी नोंदवलेली असतात. त्यामुळे सिॲटलहून निघून सिॲटललाच परतणारं जहाजही वाटेत कॅनडात थांबतं, बहुतेक वेळा व्हिक्टोरियाला आणि तेही संध्याकाळी काही तासांसाठी.

त्या काही तासांसाठीही भारतीय पासपोर्टधारकाला कॅनडाचा व्हिसा लागतो. 'आम्ही जहाजातून उतरणारच नाही' हे कारण पुढे करून चालत नाही. सिॲटलच्या चेक-इन काउंटरवरच कागद तपासले जातात आणि व्हिसा नसेल तर जहाजात चढू दिलं जात नाही. अशा वेळी पैसेही परत मिळत नाहीत.

एकाच कुटुंबात प्रत्येकाचे नियम वेगळे असू शकतात:

- भारतातून आलेले आई-बाबा, भाऊ-बहीण: अमेरिकेचा व्हिसा आणि कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा, दोन्ही लागतात. जहाज कॅनडाहून पुन्हा अमेरिकेत येणार असल्याने अमेरिकेचा व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा हवा.
- अमेरिकेत एच-१बी किंवा एच-४ वर राहणारे: अमेरिकेत कितीही वर्षं काढली असली, तरी पासपोर्ट भारतीय असेल तर कॅनडाचा व्हिसा लागतो. पासपोर्टवरचा अमेरिकेचा व्हिसा संपलेला असेल, तर परत प्रवेश कसा मिळेल हे कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला आधी विचारून घ्या.
- ग्रीन कार्डधारक: कॅनडाचा व्हिसा लागत नाही, पण वैध भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड दोन्ही जवळ हवं.
- अमेरिकी नागरिक, त्यात तिथे जन्मलेली नातवंडंही आली: व्हिसा लागत नाही. पासपोर्ट न्यावा.

कॅनडाच्या व्हिजिटर व्हिसाची फी माणशी १०० कॅनेडियन डॉलर आणि बायोमेट्रिक्सचे ८५. चौदा वर्षांखालच्या मुलांना आणि ७९ वर्षांपुढच्या आजी-आजोबांना बोटांचे ठसे द्यावे लागत नाहीत. ठसे देण्यासाठी मुंबई आणि पुण्यात केंद्रं आहेत. निर्णय यायला किती दिवस लागतील हे सतत बदलत असतं, त्यामुळे अर्ज करायच्या दिवशी कॅनडा सरकारच्या वेबसाइटवर चालू कालावधी बघा.

आजी-आजोबा नातवंडाला एकटेच घेऊन येणार असतील किंवा आई-वडिलांपैकी एकच सोबत असेल, तर दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र सोबत ठेवा. सीमेवर अधिकारी ते मागू शकतात.

खरी डेडलाइन कोणती?

जहाज निघण्याची तारीख सगळ्यांच्या लक्षात असते. मात्र कुटुंबासाठी महत्त्वाची असते ती उरलेली पूर्ण रक्कम भरण्याची तारीख. बहुतेक कंपन्या ही रक्कम प्रवासाच्या साधारण तीन महिने आधी मागतात. त्याआधी रद्द केलं तर अनेक योजनांत अनामत परत मिळते किंवा थोडंच नुकसान होतं. त्यानंतर मात्र दंड वाढत जातो आणि शेवटच्या आठवड्यांत पूर्ण पैसे जातात.

याचा अर्थ सोपा आहे. भारतीय पासपोर्टवर येणाऱ्या प्रत्येकाचा व्हिसा या तारखेच्या आधी हातात हवा. कुणा एकाचा आला नाही, तर बाकीच्यांनी जायचं का, हा प्रश्नही बुकिंगच्या दिवशीच बोलून घ्या. ज्यांच्यासाठी सहल आखली त्या आई-बाबांचाच व्हिसा अडकला, तर काय करायचं? हे ठरलेलं नसेल, तर पुढे पैशांपेक्षा नात्यांचं नुकसान जास्त होतं.

केबिन: कोण कुठे झोपणार?

क्रूझचं भाडं एका केबिनमध्ये दोघं आहेत असं धरून माणशी सांगितलेलं असतं. त्याच केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं सहसा कमी असतं. एकट्या माणसाला मात्र अनेकदा जवळपास दोघांचे पैसे मोजावे लागतात. त्यामुळे एकटी आत्या किंवा काका कुणासोबत राहणार, हा प्रश्न फक्त सोयीचा राहत नाही, पैशांचाही होतो. त्यांना न विचारता त्यांना मुलांच्या खोलीत टाकू नका. कदाचित त्यांना स्वतंत्र खोलीच हवी असेल आणि त्यासाठी जास्तीचे पैसे भरायची त्यांची तयारीही असेल.

चार जणांच्या आणि मध्ये दार असलेल्या जोडकेबिन मोजक्याच असतात आणि लवकर संपतात. शिवाय लाइफबोटीच्या क्षमतेनुसार जहाजाच्या प्रत्येक भागात किती माणसं राहू शकतात याला मर्यादा असते. त्यामुळे खोली रिकामी दिसत असूनही चौथं माणूस घ्यायला कंपनी नकार देऊ शकते. यात तान्ह्या बाळाचीही गणना होते.

एक उपयोगी मांडणी: आजी-आजोबांना बाल्कनीची केबिन, तीही जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यांवर आणि लिफ्टजवळ. मध्यभागी जहाज कमी हलतं. मोठी जहाजं ३०० मीटरच्या आसपास लांब असतात, म्हणजे टोकाची खोली मिळाली तर जेवायला जाणंही मोठी चाल होते. मुलांना आणि तरुणांना समोरच्या, खिडकी नसलेल्या स्वस्त केबिन घ्या. हिमनदी दिसायला लागली की सगळे बाल्कनीत जमतील आणि आजींना डेकवरच्या वाऱ्यात उभं राहावं लागणार नाही.

अनेक कंपन्या साधारण आठ केबिनपासून पुढे ग्रुप बुकिंग मानतात आणि थोड्या सवलती देतात. त्याहून कमी केबिन असतील, तर सगळी बुकिंग एकमेकांना जोडायला सांगा. नाहीतर जेवणाची टेबलं वेगवेगळ्या कोपऱ्यांत मिळतील.

जाहिरातीतल्या भाड्यात काय नसतं?

खोली, मुख्य डायनिंग हॉल, बुफे आणि बहुतेक कार्यक्रम भाड्यात येतात. वायफाय, मद्य, खास रेस्टॉरंट आणि बंदरावरच्या सहली यांचे पैसे वेगळे.

टिपचा हिशेब अनेकांकडून राहतो. बऱ्याच जहाजांवर माणशी रोज साधारण १५ ते २० डॉलर आपोआप बिलात लागतात. बारा जण आणि सात रात्री म्हणजे १,२६० ते १,६८० डॉलर. हा खर्च कोण करणार, हे आधीच ठरवा.

थंडी किती असते?

ज्यूनोत उन्हाळ्यात दिवसाचं तापमान साधारण १५ ते १८ अंशांपर्यंत जातं. आकडा बघून महाबळेश्वरची थंडी आठवेल, पण फसू नका. हिमनदीजवळ तापमान बरंच खाली येतं आणि डेकवर वारा असतो. पाच अंश तापमानात ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल, तर अंगाला ते उणे १ अंशासारखं जाणवतं.

एक जाडजूड जॅकेट घेण्यापेक्षा तीन थर घाला: आत थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, बाहेर पाणी न शिरणारं जॅकेट. सुती कपडे ओले झाले की अंगातली ऊब खेचून घेतात. आजींना साडीच नेसायची असेल, तर आत थर्मल आणि पायात लोकरी मोजे व न घसरणारे बूट चालतील. चपला मात्र केबिनमध्येच राहू द्या. कानटोपी आणि हातमोजे प्रत्येकाला लागतात. वयस्कर माणसांना आणि लहान मुलांना थंडी लवकर बाधते, त्यामुळे डेकवर वीस मिनिटं आणि मग आत येऊन काहीतरी गरम, असं ठरवून घ्या.

आणि हो, जून-जुलैत नॉर्दर्न लाइट्स दिसतील या आशेवर राहू नका. ज्यूनोत तेव्हा सुमारे १८ तास उजेड असतो आणि रात्रही पुरती काळोखी होत नाही. मुलं रात्री दहालाही झोपायला तयार होत नाहीत. पडदे नीट ओढून घ्या.

जेवणाचं काय?

शाकाहारी जेवण मोठ्या जहाजांवर मिळतं आणि अनेक ठिकाणी रोज एखादा भारतीय पदार्थही असतो. जैन जेवण किंवा कांदा-लसूण नसलेलं जेवण हवं असेल, तर बुकिंगनंतर लगेच लेखी कळवा. पहिल्याच संध्याकाळी हेड वेटरला भेटून पुन्हा आठवण करून द्या.

घरी केलेले पदार्थ जहाजावर नेऊ देत नाहीत. पाकीटबंद भाकरवडी, चिवडा, खाकरा सहसा चालतो. छोटा कुकर, किटली आणि इस्त्री आगीच्या धोक्यामुळे जप्त होते. जहाजावरची फळं आणि जेवण बंदरावर न्यायलाही मनाई असते.

तब्येत आणि विमा: इथे काटकसर नको

जहाजावर डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो, पण उपचारांचे पैसे तिथेच भरावे लागतात. गंभीर परिस्थितीत रुग्णाला हेलिकॉप्टरने हलवलं, तर खर्च हजारो डॉलरमध्ये जातो. भारतातला नेहमीचा मेडिक्लेम परदेशात सहसा चालत नाही.

प्रवास विमा घेताना तीन गोष्टी वाचा. आधीपासून असलेले आजार (मधुमेह, रक्तदाब, बायपास) त्यात येतात का? वैद्यकीय स्थलांतराचा खर्च आहे का? क्रूझ प्रवास वगळलेला तर नाही ना? आई-बाबांचे आजार विमा कंपनीपासून लपवू नका. दावा तिथेच अडकतो.

- औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इनला दिलेल्या बॅगा केबिनमध्ये यायला संध्याकाळ होऊ शकते.
- बेटांच्या आडोशाने जाणारा मार्ग शांत असतो, पण खुल्या समुद्राचे टप्पे येतात. मळमळीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.
- बहुतेक कंपन्या सहा महिन्यांपेक्षा लहान बाळाला आणि गरोदरपणाचे २४ आठवडे होत असलेल्या महिलेला प्रवास करू देत नाहीत.
- जेवणाआधी हात साबणाने धुवा. जहाजावर पसरणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर तितका प्रभावी नसतो.
- निघण्याआधी सुरक्षा सराव होतो. २०१२ च्या कोस्टा कॉन्कॉर्डिया दुर्घटनेनंतर नियम कडक झाले. आजोबांनाही त्यातून सूट नाही. प्रत्येकाला आपली जमण्याची जागा माहीत हवी.

सगळ्यांनी सगळं एकत्र करायचं का?

नको. पंधरा जण सकाळी आठला एकत्र तयार होणं घरच्या लग्नातही जमत नाही.

स्कॅगवेची व्हाइट पास रेल्वे बहुतेक सगळ्यांना एकत्र करता येते. १९०० मध्ये पूर्ण झालेली ही अरुंद रुळांची गाडी डोंगर चढून खिंडीपर्यंत जाते. खिंडीपर्यंत जाऊन परतणाऱ्या फेरीला साधारण अडीच-तीन तास लागतात, खिडकीत बसून सगळं दिसतं आणि चालावं लागत नाही. ज्यूनोत देवमासे बघायला जाणाऱ्या बोटीचं बुकिंग करताना आत बसायची जागा आणि टॉयलेट आहे का, ते विचारा. लांब ट्रेक आणि कयाक तरुणांसाठी ठेवा.

ज्यूनोत भरती-ओहोटीत पाण्याची पातळी पाच मीटर किंवा त्याहूनही जास्त बदलते. त्यामुळे जहाजातून उतरायचा उतार कधी सौम्य, तर कधी चांगलाच तीव्र असतो. व्हीलचेअर लागणार असेल, तर हे जहाजावर विचारून मगच उतरा.

वेळेकडे लक्ष ठेवा. अलास्काचं घड्याळ सिॲटलच्या एक तास मागे असतं आणि फोन कधी कुठली वेळ दाखवेल याचा भरवसा नाही. जहाजाची वेळ तीच खरी. कंपनीकडून घेतलेल्या सहलीला उशीर झाला, तर जहाज थांबतं. बाहेरून घेतलेल्या सहलीसाठी किंवा दुकानात रेंगाळलेल्या काकांसाठी थांबत नाही. समुद्रात फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. जहाजाचं मोबाइल नेटवर्क पकडलं, तर बिल भरमसाट येऊ शकतं.

अनेक कुटुंबांना सोपा जाणारा नियम: रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र, बाकी दिवस ज्याचा त्याचा. आणि नातवंडं सांभाळायची जबाबदारी रोज आजी-आजोबांवर टाकू नका. त्यांचीही ती सुट्टी आहे.

नॉर्वे किंवा अंटार्क्टिका चालेल का?

नॉर्वेच्या किनाऱ्यावर १८९३ पासून चालणारी बोटसेवा आज बर्गन ते किर्कनेस अशी जाते. हिवाळ्यात नॉर्दर्न लाइट्सची शक्यता चांगली आणि शेंगेन व्हिसा एकच पुरतो. पण ही मालवाहतूकही करणारी बोट आहे. मुलांसाठी करमणूक कमी आणि ऐन हिवाळ्यात उत्तरेकडे सूर्य दिसत नाही. अंटार्क्टिकाला जाताना बहुतेक बोटी ड्रेक पॅसेजचा खवळलेला समुद्र पार करतात, त्याला सुमारे दोन दिवस लागतात. पुढे किनाऱ्यावर रबरी बोटीतून उतरावं लागतं. तीन पिढ्यांसाठी अलास्काच सोपं.

थोडक्यात, कधी काय करायचं?

- १० ते १२ महिने आधी: तारखा, बजेट, कोण कुणासोबत राहणार हे ठरवा. सगळ्यांचे पासपोर्ट तपासा. परतीनंतर किमान सहा महिने वैध हवेत. अमेरिकेचा व्हिसा नसेल, तर मुलाखतीची तारीख आत्ताच घ्या.
- ८ महिने आधी: केबिन बुक करा, बुकिंग जोडून घ्या, कॅनडाच्या व्हिसाचे अर्ज भरा.
- पूर्ण रक्कम भरण्याआधी: सगळे व्हिसा हातात आले का, ते बघा. नसतील तर थांबायचं की जायचं, हे ठरवा.
- २ महिने आधी: विमा, जेवणाच्या सूचना, व्हीलचेअर, रेल्वे आणि बोटीचं बुकिंग.
- १ महिना आधी: डॉक्टरांची भेट, औषधांच्या चिठ्ठ्या, थर्मल आणि बूट.
- निघताना: भारतातून येणाऱ्यांनी किमान एक, शक्यतो दोन दिवस आधी बंदराच्या शहरात पोहोचावं. विमान चुकलं म्हणून जहाज थांबत नाही.